तांबट आळीतली दवंडी

“जोरात वाजव की रे गेनू!” टिपरे भाऊसाहेब माझ्या कानाशी तोंड आणून ओरडले.

“वाजवतोय जी!”

“काय?”

“वाजवतोय म्हटलं!”

“मग ऐकू का येत नाही?”

आता याला मी काय उत्तर देणार? आम्ही तांबट आळीच्या मधोमध उभे होतो. दोन्ही बाजूंनी तांब्याचे हंडे, घंगाळी, बंब, आणि त्यांच्यावर तीस हातोडे एका वेळी पडत होते. त्या आळीत माणूस मेला तरी शेजारच्याला तासाभराने कळायचं. भाऊसाहेबांनी कोर्टाचा कागद डोळ्यांसमोर धरला आणि ते वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा फुगत होत्या, आणि मला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

या गोष्टीला आता सत्तेचाळीस वर्षं झाली. टिपरे भाऊसाहेब तालुक्याच्या दिवाणी कोर्टाचे बेलीफ होते. कोर्टाने कुणाच्या घरावर जप्ती काढली की ते आपली पिशवी घेऊन निघायचे. पिशवीत हुकूम, खळीचा डबा आणि चष्मा. बरोबर मी आणि माझी हलगी. घरासमोर मी हलगी वाजवायची, त्यांनी हुकूम मोठ्याने वाचायचा, एक प्रत दारावर चिकटवायची, एक कोर्टाच्या फळ्यावर. मग दोन पंचांच्या सह्या आणि माझा अंगठा. हलगी वाजली नाही तर जप्ती लागत नसे. एका वेळेचे मला तीन रुपये मिळायचे.

त्या दिवशीचं घर नागूअण्णा तांबटाचं होतं, आणि मी हलगी मुद्दाम शेकली नव्हती.

हलगी जाळावर शेकली की कातडं ताणतं आणि असं वाजतं की दोन गल्ल्या पलीकडची म्हैस मान वर करते. थंड हलगी म्हणजे ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखी. रोज कोर्टाच्या मागे चार काटक्या पेटवून मी ती शेकायचो. त्या गुरुवारी काटक्या पेटवल्या, बिडी ओढली आणि हलगी बगलेत मारून तसाच निघालो. भाऊसाहेबांना त्यातलं काही कळत नव्हतं.

कारण असं, की त्या हलगीचं पितळी कडं नागूअण्णानेच ठोकून दिलं होतं. पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, “ठेव रे, कडं ते काय, दोन घटकांचं काम.” असा माणूस. त्याच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. कुणी उसने मागितले, दिले. कुणी जामीन राहा म्हटलं, राहिला. रेवणशेठ पत्रेवाल्याचं देणं झालं ते असंच. पत्रा उधारीवर नेला दुसऱ्याने, सही केली नागूअण्णाने, आणि दुसरा गेला गाव सोडून. चार वर्षांपूर्वी शेठला कोर्टात हुकूमनामा मिळाला होता. तो त्याने तिजोरीत ठेवून दिला होता. आता एकाएकी बाहेर काढला.

आणि काढला तोही कधी, तर नागूअण्णा मालक व्हायला निघाला होता तेव्हा. बाबू खोपडे नावाचा एक गृहस्थ फिरता सिनेमा काढणार होता. मोठा तंबू, दोन मशिनं, जत्रा ते जत्रा. नागूअण्णाने घर त्याच्या नावावर करायचं, त्या बदल्यात निम्मी भागी. “मालक: खोपडे आणि तांबट” असं तंबूवर लिहिणार होते. शनिवारी दुपारी बारा वाजता खरेदीखत ठरलं होतं. सगळी आळी नागूअण्णाच्या बाजूने होती. घर एकदा खोपडेच्या नावावर गेलं, की रेवणशेठ हात चोळत बसणार, असा सगळ्यांचा हिशेब. माझाही तोच. जप्ती शनिवारच्या आत लागली नाही म्हणजे झालं.

“नागनाथ गणपत तांबट तुम्हीच ना?” भाऊसाहेब उंबऱ्यापाशी जाऊन ओरडले.

“मीच की! बसा, भाऊसाहेब. तेवढं घंगाळ सरकवतो.” नागूअण्णा हातोडा न थांबवता हसला. “या गेनबा, पाणी घ्या.”

“बसायला नाही आलो! जप्ती आहे!”

“ऐरण नेणार का?”

“ऐरण-हातोड्याला कायदा हात लावत नाही! कारागिराची हत्यारं सोडायची असतात! जप्ती घरावर आहे!”

“घर कसं नेणार?”

“नेत नाही हो! घर इथंच राहणार, तुम्हीही राहा! फक्त विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही! रेवणशेठचं देणं घराच्या मानेवर बसलं, असं समजा! जो घर घेईल, त्यानं आधी ते देणं फेडायचं!”

नागूअण्णाने मान हलवली. जणू कुणी हंड्याचं माप सांगत होतं.

त्याची बायको भागूवहिनी दारात येऊन उभी राहिली. रडणं नाही, ओरडणं नाही. कमरेवर हात. ती भाऊसाहेबांकडे बघत नव्हती, कागदाकडेही नाही. ती माझ्या हलगीकडे बघत होती. वाटलं, बाई मनात शिव्या घालते आहे. वहिनी, मी तुमचाच माणूस आहे, असं सांगावंसं वाटत होतं, पण भाऊसाहेब शेजारी होते.

तेवढ्यात समोरच्या भिकू तांबटाने हात वर केला आणि आरोळी दिली, “नाद!”

तीस हातोडे जागच्या जागी थांबले.

ही त्या आळीची रीत. मोठं भांडं पुरं झालं की करणारा आरोळी देणार, सगळे थांबणार. मग तो भांडं एका बोटावर तोलून त्याला लाकडी मोगरी मारणार. सगळी आळी कान देणार. म्हातारे डोळे मिटून ऐकायचे. कुठे चीर असली, जोड कच्चा असला, की नाद मधेच तुटतो. एका भांड्याचा नाद एकदाच घ्यायचा, तो विरेपर्यंत कुणी हातोडा उचलायचा नाही. बापाने मुलाच्या थोबाडीत मारायला उचललेला हात त्या आरोळीला हवेत थांबलेला मी पाहिला आहे.

भिकूच्या हंड्याचा नाद आळीभर पसरला. भाऊसाहेबांच्या लक्षात आलं की हीच वेळ आहे. “वाजव! वाजव!” म्हणत त्यांनी मला कोपराने ढोसलं, आणि त्या धांदलीत त्यांचा चष्मा खळीच्या डब्यात पडला. तो काढून, पुसून, कानावर अडकवून त्यांनी “तमाम लोकांस” एवढं म्हटलं, आणि भिकू ओरडला, “आहे!” म्हणजे नाद पुरा आहे. तीस हातोडे पुन्हा सुरू.

पंच होते कोपऱ्यावरचा पानवाला आणि दिनू शिंपी. भाऊसाहेबांनी त्यांना बोलावलं.

“दवंडी ऐकली ना? सही करा.”

“ऐकली कुठं?” पानवाला म्हणाला.

“गेनूनं हलगी वाजवली ना?”

“हात हलताना दिसला खरा.”

“आणि मी वाचलं ते?”

दिनू शिंपी विचार करून म्हणाला, “तुमचे ओठ हलत होते, भाऊसाहेब. मला वाटलं, पान खाताय.”

ज्या हातोड्यांना कायद्याने हात लावायचा नाही म्हणून सोडून दिलं होतं, त्यांनीच कायद्याचा आवाज गिळून टाकला. भाऊसाहेब प्रामाणिक माणूस. दुसऱ्या कुणी पंचांना चहा पाजून सह्या घेतल्या असत्या. त्यांनी कागदावर खरं तेच लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: “हलगी वाजविली. आळीतील ठोकाठोकीमुळे कोणास ऐकू गेली नाही.” त्यावर मी अंगठा दिला. तीन रुपये मिळाले. मी खुशीत घरी गेलो. नागूअण्णाचं घर वाचवलं, आणि त्याचे वर तीन रुपये घेतले.

शुक्रवारी जजसाहेबांनी तो कागद वाचला. कोर्टातला शिपाई सांगत होता की ते आधी पाच मिनिटं हसले, आणि मग म्हणाले, “उद्या सकाळी पुन्हा जा. ऐकू जाईपर्यंत परत येऊ नका.”

शनिवारी दहा वाजता आम्ही पुन्हा आळीच्या तोंडाशी. हलगी पुन्हा थंड. आम्हाला बघताच हातोड्यांना असा जोर चढला, की पानवाल्याच्या दुकानातल्या बाटल्या थरथरू लागल्या. ज्यांच्याकडे काम नव्हतं तेही रिकामे पत्रे बडवत होते. भिकूची म्हातारी आई पितळी परात घेऊन ओट्यावर बसली होती आणि ती लाटण्याने वाजवत होती. मला बघून तिने डोळा मारला.

नागूअण्णा आपल्या जागी होता, पण अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. बारा वाजता सही करायची होती. कोपऱ्यावर खोपडे त्याला न्यायला आलेला, टांग्यात बसून पान चघळत होता.

भागूवहिनी दारातून पुढे आली. भाऊसाहेबांकडे गेली आणि त्यांच्या कानाशी ओरडली, “भाऊसाहेब, आधी चष्मा लावा! कागद उघडा! तयार राहा!”

मग माझ्याकडे वळली आणि माझ्या हातातली हलगी ओढून घेतली. मी म्हटलं, झालं, आता ही फोडणार. फोडू दे. हलगी फुटली तर दवंडी कशी होणार? मनातून मला बरंच वाटलं.

ती हलगी घेऊन घरात गेली. मी मागोमाग. परसात भट्टी धगधगत होती. ती भट्टीसमोर बसली, हलगी जाळाच्या वर धरली आणि गोल गोल फिरवू लागली. वाजवणाऱ्याच्या घरी जन्मल्यासारखी.

“वहिनी, हे काय करताय?”

“परवा पण थंड होती. आज पण थंड आहे. मला काय कळत नाही? या घरात वीस वर्षं नाद ऐकतेय मी.”

“अहो, मुद्दामच. तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी?” तिने मान वर केली. तिचे डोळे जाळाने लाल झाले होते, की दुसऱ्या कशाने, ते कळलं नाही. “गेनूभाऊ, बारा वाजता ते घर त्या टांग्यातल्या माणसाच्या नावावर होणार. मी कुठं राहू?”

“तंबूत खोली देतो म्हणालाय ना खोपडे?”

“तंबूत! पावसाळ्यात तंबू कुठं असतो, माहिताय? गुंडाळून वखारीत. मी पण गुंडाळून वखारीत राहू?”

मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो.

“ह्यांना नाही म्हणता येत नाही,” ती हलगी फिरवत म्हणाली. “मी रडले, उपाशी राहिले, माहेरी जाते म्हणाले. मला पण हो म्हणतात, खोपडेला पण हो म्हणतात. मग मी रेवणशेठकडं गेले. म्हटलं, शेठ, घर चाललं. ते गेलं की तुमचे सात हजार गेले. तिजोरीतला कागद काढा आणि घराला बेडी घाला. मी महिन्याच्या महिन्याला फेडते, कल्हई करून फेडते, पण आज बेडी घाला. शेठ शहाणा माणूस. दुसऱ्या दिवशी कोर्टात गेला.” तिने कातड्यावर बोट मारलं. टण्ण. “सगळं जमवून आणलं, आणि हलगीवाला मिळाला तू. दयाळू.”

मी आयुष्यात बऱ्याच शिव्या खाल्ल्या, पण ‘दयाळू’ एवढी कुठलीच लागली नाही.

“घे. आणि या कड्याची शपथ आहे, नीट वाजव.”

“पण वहिनी, त्या हातोड्यांत...”

“ते माझ्याकडं लागलं.”

तिने कोपऱ्यातला मोठा हंडा उचलला, एका हातात मोगरी घेतली आणि भर आळीत जाऊन उभी राहिली. मग पदर खोचला आणि आरोळी दिली.

“नाद!”

त्या आळीत बाईच्या तोंडून ती आरोळी कुणी कधी ऐकली नव्हती. पण हातांना बाई काय आणि बुवा काय. तीस हातोडे थांबले. भिकूच्या आईचं लाटणंसुद्धा थांबलं. वहिनीने मोगरी मारली. हंडा असा घुमला की कबुतरं उडाली. सगळ्यांनी सवयीने माना तिरक्या केल्या, म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. नाद विरत विरत बारीक झाला, आणि तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

मी हलगीवर जी टिपरी घातली, ती तशी पुढे कधीच वाजली नाही. शेकलेलं कातडं, पितळी कडं आणि चिडीचूप आळी. भाऊसाहेबांनी चष्मा आधीच लावला होता. “तमाम लोकांस या दवंडीने कळविण्यात येते की...” ते खणखणीत वाचत गेले. नागनाथ गणपत तांबट याचे घर, चतुःसीमा अमुक, जप्त केले आहे. विकू नये, घेऊ नये. सात हजार रुपये, शिवाय व्याज, शिवाय खर्च.

“आहे!” वहिनी म्हणाली, आणि हंडा खाली ठेवला.

कुणीही हातोडा उचलला नाही. पानवाला आणि दिनू शिंपी एकमेकांकडे बघत होते. ऐकलं नाही म्हणायला आता जागाच नव्हती. त्यांनी सह्या केल्या.

टांग्यातून खोपडे उतरला. “भाऊसाहेब, म्हणजे घर मी घेतलं तर?”

“घ्या की. पण शेठचं देणं बसलंय घरावर. ते फेडा आणि सुखानं राहा.”

“म्हणजे घराबरोबर रेवणशेठ पण घ्यायचा?”

“व्याजासकट.”

खोपडे पानाची पिंक टाकून टांग्यात बसला आणि नागूअण्णाला म्हणाला, “तांबट, तुम्ही मला फसवायला निघाला होता!” टांगा वळला. त्याचा तंबू पुढे कुठल्याच जत्रेत दिसला नाही.

नागूअण्णाने नवी टोपी काढून खुंटीला लावली, सदरा काढून त्याची घडी केली आणि हातोडा उचलला. भाऊसाहेबांनी दाराच्या चौकटीवर कागद चिकटवला. मी अंगठा दिला. यावेळचे तीन रुपये मी परतीच्या वाटेवर मारुतीपुढे ठेवले. पुढे वर्षभर तांबट आळीत माझ्या घरच्या भांड्याला कुणी कल्हई करून दिली नाही. एक भागूवहिनी सोडून. तिने पैसेही घेतले नाहीत.

ती बोलल्याप्रमाणे फेडत राहिली. महिन्याच्या एक तारखेला पदरात पैसे बांधून शेठच्या दुकानी. दर दिवाळीला घराला चुना लागायचा, पण कागदाभोवती बोटभर जागा सोडून. खळ सुकली की ती नवी लावायची. सणाला त्याच्यावर तोरण.

मी छप्पन्न वर्षांचा असताना प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलो. इतकी वर्षं काय काय वाजवलं आणि कशावर अंगठा दिला, ते एकदा वाचावं म्हणून. पुस्तक संपल्यावर पहिला गेलो तो नागूअण्णाच्या दारी. चौकटीसमोर उभा राहून तो कागद, फिकट झालेला, बोट ठेवून ठेवून वाचला. तासभर लागला असेल. वहिनी आतून चहा घेऊन आली.

“वाचलंस?”

“वाचलं. पण वहिनी, एवढ्या वर्षांत फिटलं नाही का?”

“फिटलं. अकरा रुपये राहिलेत.”

“अकरा? ते का ठेवलेत?”

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “ते दिले की कोर्ट कागद काढणार. मग उद्या आला दुसरा खोपडे, की हे आहेतच हो म्हणायला. शेठ दर दिवाळीला येतात, फराळ करतात, अकरा रुपये मागतात. मी म्हणते, पुढच्या दिवाळीला. ते म्हणतात, बरं. ह्यांना बोलू नकोस हं. ह्यांना यातलं काही माहीत नाही. नाद घेतला तेव्हा दवंडी झाली, हा योगायोग वाटतो त्यांना.”

“नाही बोलत,” मी म्हणालो.

नागूअण्णा ओट्यावर उन्हात बसला होता. हातोडा सुटला होता, हात थरथरायचे. मी निघालो तर म्हणाला, “गेनबा, बस. तू थंड हलगी वाजवली होतीस ना रे, पहिल्या दिवशी?”

मी ओट्यावर टेकलो.

“तीस हातोड्यांतून मला दुसऱ्याच्या भांड्याची चीर ऐकू येते. तुझी हलगी ऐकू येणार नाही?” तो हसला. “आणि शनिवारचा तो हंडा माझा. त्याचा नाद मी आठ दिवस आधीच घेतला होता. एका भांड्याचा नाद एकदाच. मी नुसतं ‘झालाय’ म्हटलं असतं, तरी हातोडे पुन्हा सुरू झाले असते.”

“मग म्हणाला का नाहीस, अण्णा?”

त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “खोपडेला नाही म्हणायचं माझ्या तोंडात नव्हतं. कोर्टाच्या तोंडात होतं. म्हटलं, म्हणू दे त्याला. आता कुणी जामीन राहा म्हटलं, की मी त्याला आत बोलावतो, चहा देतो आणि तो कागद दाखवतो. अरे, लोक उलट मलाच धीर देऊन जातात.”

“वहिनीला सांगितलंस हे?”

“कशाला? केवढ्या कष्टानं जिंकली आहे ती.” त्याने आत डोकावून पाहिलं, कमरेची पिशवी सोडली आणि एक दहाची नोट आणि एक रुपया माझ्या मुठीत कोंबला. “हे घे. आणि दर दिवाळीला ये.”

“हे कशाचे?”

“अरे, घरात राहिले तर चुकून फिटेल ना!”